झेब्रा क्रॉसिंग: गाडी कुठून हळू करायची, रस्ता कसा ओलांडायचा

नागपूरच्या ‘मेडिकल’च्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या फाटकासमोर सकाळी दहाच्या सुमाराला ओपीडीची गर्दी रस्ता ओलांडत असते. एका हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा, दुसऱ्या हातात नातवाचं मनगट, अशी एखादी आजी झेब्राच्या पहिल्या पट्ट्यावर पाऊल टाकते, हॉर्न वाजला की मागे घेते, पुन्हा टाकते. समोरून येणारा दुचाकीवाला वेग कमी करत नाही, कारण त्याला वाटतं आजी थांबली आहे. आजी थांबते, कारण त्याने वेग कमी केलेला नाही. कोणी कोणासाठी थांबायचं हे कायद्याने ठरवून ठेवलं आहे: गाडीने थांबायचं. पण ब्रेक कुठून लावायचा, गाडी नेमकी कुठे उभी करायची, शेजारच्या लेनमधून सुसाट येणाऱ्याला कसं सावध करायचं आणि पायी चालणाऱ्याने पाऊल कधी टाकायचं, हे लायसन्स काढताना फारसं कोणी समजावत नाही. ते इथे क्रमाने दिलं आहे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक.

हक्क कोणाचा, कधी

केंद्राने २०१७ साली काढलेल्या मोटार वाहन चालन विनियमांत हे स्पष्ट आहे. सिग्नल नसलेल्या झेब्राजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पादचाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. सिग्नल असेल तर लाल दिव्यावर स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं. पुढे गाड्या तुंबल्या असतील आणि आपली गाडी झेब्रावरच अडकणार असेल, तर पुढचा दिवा हिरवा असला तरी झेब्रावर शिरायचं नाही. आणि फुटपाथवरून गाडी चालवायची नाही. जाम लागला की फुटपाथवर चढणाऱ्या दुचाकींना यातून कोणतीही सूट नाही.

विनियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे. लाल दिवा तोडणं, गाडी चालवताना हातात मोबाइल धरणं, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं, उलट दिशेने गाडी घालणं यांची गणना कलम १८४ च्या धोकादायक चालवण्यात होते. तिथे पहिल्याच वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

नागपूरची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की भरदुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे गाडीवाल्यांना उन्हात ताटकळावं लागू नये. सोय चांगली आहे. पण सिग्नल बंद झाला म्हणजे चौक मोकाट झाला असं नाही. त्या तासांपुरता तो सिग्नल नसलेला चौक होतो आणि तिथल्या प्रत्येक झेब्रावर पादचाऱ्याचा हक्क आधी लागतो. दिवा विझलेला दिसला की वेग वाढवायचा नाही, कमी करायचा.

सिग्नल चालू असून तो पायी चालणाऱ्याच्या विरुद्ध असेल, तर त्याने थांबायचं. लाल माणूस दिसत असताना झेब्रावर उतरणं त्याच्या हक्कात बसत नाही. वाहतूक पोलीस हात दाखवत असेल तर दिव्याच्या आधी त्याचा हात मानायचा, गाडीवाल्याने आणि पायी चालणाऱ्यानेही. रुग्णवाहिका सायरन वाजवत आली तर दोघांनीही तिला वाट द्यायची.

चालकाचं काम झेब्राच्या आधी चाळीस मीटर सुरू होतं

बहुतेकांची चूक इथे होते. झेब्रा जवळ आल्यावर माणूस दिसला तर ब्रेक मारू, असं मनात असतं. गणित मात्र वेगळं आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी पूर्ण वेगाने पुढे धावतच असते.

ताशी ३० किलोमीटरला त्या दीड सेकंदात साडेबारा मीटर जातात, पुढे कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला पाच मीटर. एकूण सतरा-अठरा मीटर. ताशी ४० ला एकूण सव्वीस मीटर. ताशी ५० ला एकवीस मीटर ब्रेकच्या आधी आणि चौदा मीटर नंतर, म्हणजे पस्तीस. ताशी ६० ला पंचेचाळीस. पावसात टायरची पकड कमी होते. ताशी ५० च्या गाडीला तेव्हा पंचेचाळीस मीटरही लागू शकतात.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. अठरा मीटरवर एखादं पोर झेब्रावर आलं. ताशी ३० ची गाडी त्याच्यापुढे उभी राहिली. ताशी ५० ची गाडी मात्र त्या जागी पोहोचते तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर पडलेलाच नसतो, म्हणजे ती पोराला पूर्ण ५० च्या वेगाने धडकते. वेगातला फरक वीसचा, पण एका गाडीत पोर वाचतं आणि दुसऱ्या गाडीत ब्रेकसुद्धा लागत नाही. शहराच्या हद्दीत मोटारींसाठी केंद्राची कमाल मर्यादा ताशी ७० आहे आणि दुचाकींसाठी ६०. ती मोकळ्या रस्त्याची वरची हद्द आहे. झेब्राकडे येताना तो वेग चालत नाही.

शहरात विजेच्या दोन खांबांत साधारण २५ ते ३० मीटर अंतर असतं. झेब्राच्या दीड खांब आधी पुढच्या गोष्टी सुरू करा.

आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, दुचाकी असेल तर मूठ सोडा. पाय किंवा बोटं ब्रेकवर नुसती टेकवून ठेवा. एवढ्यानेच दीड सेकंदातला बराच वेळ वाचतो. मग नजर रस्त्याच्या मधोमध न ठेवता कडांवर न्या: डावीकडचा फुटपाथ, थांबलेल्या ऑटोचं पुढचं टोक, दुभाजकाची फट. उभ्या गाड्यांच्या खालून पाय दिसतात का तेही बघा. लहान मुलं गाडीच्या काचेतून दिसत नाहीत, चाकांमधून दिसतात.

आरशात मागे बघा. मागचा अगदी चिकटून असेल तर ब्रेक हलकेच दोन-तीनदा दाबा. मागचा लाल दिवा लुकलुकला की तो सावध होतो. चालत्या दुचाकीवरून किंवा मोटारीच्या खिडकीतून उजवा हात बाहेर काढून तळवा खाली ठेवून वरखाली हलवणं, ही वेग कमी करण्याची अधिकृत खूण आहे. ती लोक विसरले आहेत, पण झेब्रावर तिचा फार उपयोग होतो, कारण ती शेजारच्या लेनमधल्यालाही दिसते.

एक खांब उरला की वेग ३० किंवा त्याखाली हवा. कोणी झेब्रावर असेल, झेब्राकडे वळलेलं असेल, काठावर उभं राहून तुमच्याकडे बघत असेल, तर थांबायचंच. पाऊल रस्त्यावर पडायची वाट बघू नका. आपल्याकडे पादचारी गाडी थांबल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि गाडीवाला पाऊल पडल्याशिवाय थांबत नाही.

थांबायची जागा म्हणजे स्टॉप लाइन, झेब्राच्या आधी काढलेली जाड आडवी पांढरी रेषा. रेषा पुसली असेल तर झेब्रापासून एका मोटारीच्या लांबीएवढं मागे थांबा. एवढं मागे का, ते पुढच्या भागात येतं. थांबल्यावर क्लच अर्धा सोडून गाडी इंच इंच पुढे सरकवू नका. सरकती गाडी बघून म्हातारा माणूस धावतो, आणि धावताना पडतो.

हॉर्न वाजवायचा नाही. हेडलाइटचा झोतही टाकायचा नाही. ‘तुम्ही जा’ असं सांगण्यासाठी काहीजण दिवा मारतात, पण आपल्या रस्त्यांवर दिवा मारला म्हणजे ‘मी येतोय, बाजूला हो’ असाच अर्थ लागतो.

माणूस तुमच्या लेनमधून पूर्ण बाहेर पडून पुढच्या लेनमध्ये गेला की गाडी हळू काढा. त्याच्या मागे अजून कोणी येतंय का ते बघूनच. आई पुढे गेली की मागे राहिलेलं मूल धावत सुटतं.

दुसऱ्या लेनमधली गाडी

ज्या रस्त्यावर एकाच दिशेला दोन किंवा तीन लेन आहेत, तिथला सगळ्यात वाईट अपघात असा होतो. डावीकडच्या लेनमध्ये बस थांबते. बसचालक सभ्य असतो, तो हाताने ‘जा’ म्हणून खूण करतो. बाई बसच्या तोंडासमोरून चालत पुढे येते. बसच्या उजव्या बाजूने येणाऱ्या दुचाकीवाल्याला बस उभी दिसते, ती का उभी आहे ते दिसत नाही. त्याला वाटतं थांब्यावर प्रवासी उतरत असतील. तो कट मारून पुढे जातो, आणि बाई बसच्या आडून नेमकी त्याच्यासमोर येते. दोघांनाही एकमेकांचं दर्शन शेवटच्या दोन-तीन मीटरवर होतं. बस थांबली नसती तर ही बाई काठावरच राहिली असती.

म्हणून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

झेब्राजवळ उभी असलेली गाडी दिसली की तिच्या पुढे माणूस आहे असंच धरून चाला. तिला ओव्हरटेक करायचं नाही. तिच्या शेजारी येऊन थांबायचं, आणि तिच्या बॉनेटपलीकडे रिकामं दिसल्यावरच निघायचं.

तुम्ही पहिले थांबणारे असाल तर एक मोटारभर मागे थांबा. झेब्राला चिकटून थांबलात तर तुमची गाडी भिंतीसारखी आडवी येते. चार-पाच मीटर मागे थांबलात तर शेजारच्या लेनमधल्याला तुमच्या पुढून चालणारा माणूस वेळेवर दिसतो. बस आणि ट्रकवाल्यांनी तर हे कटाक्षाने पाळायला हवं. उंच केबिनमधून अगदी पुढ्यातलं लहान मूल दिसतही नाही.

आणि हाताने ‘जा, जा’ करू नका. शेजारची लेन रिकामी आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं, पण पादचारी तुमच्या हातावर विश्वास ठेवून बघायचं सोडून देतो. थांबा, स्थिर राहा, त्याला त्याचं बघू द्या. शेजारून कोणी वेगात येताना आरशात दिसला तर मात्र खिडकीतून हात आडवा काढा आणि हॉर्न वाजवा. हॉर्न वाजवावा अशी झेब्रावरची ही एकच वेळ.

शहरातल्या ‘आपली बस’च्या काही गाड्यांवर रस्ता सुरक्षेच्या ‘आयरास्ते’ प्रकल्पाखाली पुढच्या धडकेची सूचना देणारी यंत्रणा बसवली गेली होती. गाडी किंवा माणूस फार जवळ आला की ती आवाज करते. अशी यंत्रणा आता अनेक नव्या मोटारींतही मिळते. पण बसच्या आडून येणाऱ्या माणसाला कॅमेराही आधी बघू शकत नाही.

वळताना

चौकात सरळ जाणाऱ्यापेक्षा वळणारी गाडी झेब्रावर जास्त फसते. डावीकडे वळणाऱ्याची नजर उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते, आणि माणसं त्याच्या डावीकडून उतरतात. लॉ कॉलेज चौक किंवा व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी संध्याकाळी हे पाच मिनिटांत दिसेल. क्रम असा ठेवा: वळणाआधी इंडिकेटर, डावा आरसा, मग डावीकडचा झेब्रा, मग उजवीकडून येणारी रहदारी, आणि चाक वळवण्याच्या क्षणी पुन्हा एकदा डावीकडचा झेब्रा. लाल दिव्यावर डावीकडे वळायची मुभा फलक लावून दिलेली असेल तिथेच असते. आणि ती दिलेली असली तरी तिथे आडव्या जाणाऱ्या माणसाचा हक्क आधी.

उजवीकडे वळताना मोटारीचा काचेशेजारचा खांब दगा देतो. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब डोळ्याच्या अगदी जवळ येतो आणि त्याआड पूर्ण माणूस झाकला जातो. गाडी वळत असताना चालणारा माणूसही त्याच गतीने सरकत असेल तर तो सबंध वळणभर झाकलेलाच राहतो. उपाय सोपा आहे. वळताना डोकं पुढे आणि बाजूला हलवा, खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा.

वर्धा रोड, कामठी रोड, सेंट्रल ॲव्हेन्यू, हिंगणा रोड इथे मेट्रोचे पिलर आहेत. जिथे ते दुभाजकात आहेत, तिथे पिलरला टेकून उभा असलेला माणूस समोरून येणाऱ्याला अजिबात दिसत नाही. दुभाजकाला जिथे जिथे फट आहे, तिथे पिलरच्या आड कोणीतरी आहे असं समजून वेग उतरवा.

दुचाकीवाल्यांसाठी अजून एक. झेब्राचे पट्टे थर्मोप्लास्टिकचे, म्हणजे तापवून रस्त्यावर पसरलेल्या प्लास्टिकसारख्या रंगाचे असतात, आणि ओले झाले की तेलासारखे निसरडे होतात. पहिल्या पावसात तर फारच. ब्रेक पट्ट्यांच्या आधीच पूर्ण करा. पट्ट्यांवर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका, गाडी तिरकी करू नका.

उन्हाळ्यात सावलीसाठी लोक स्टॉप लाइनच्या पंधरा-वीस मीटर मागे, झाडाखाली थांबतात. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते दिवा हिरवा झाल्यावर. मागून सुटलेली गाडी झेब्रापर्यंत येईतो वेग धरते, आणि रस्ता ओलांडणारा शेवटचा माणूस अजून मधेच असतो. सावलीतून निघालात तर झेब्रावर पुन्हा एकदा बघून पुढे जा.

पायी चालणाऱ्यांसाठी

हक्क तुमचा आहे. हाड मात्र तुमचंच मोडतं, म्हणून हक्क बजावायची पद्धत माहीत हवी.

झेब्रा थोडा लांब असला तरी तिथपर्यंत जा. काठावर उभं राहताना ऑटोच्या किंवा ठेल्याच्या मागे नको. त्यांच्या पुढे, चालकाला चेहरा दिसेल असं उभं राहा. पायाची बोटं झेब्राकडे वळलेली हवीत. तिरके किंवा फोन बघत उभे राहिलात तर चालकाला वाटतं तुम्ही ऑटोची वाट बघताय. हात कमरेच्या उंचीवर आडवा काढा, तळवा गाडीकडे. आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एकेरी रस्त्यावरसुद्धा डावीकडे बघायचंच. उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी नागपूरला कमी नाहीत.

गाडी किती लांब असली म्हणजे निघायचं? सर्वसाधारण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो. दोन लेनचा अर्धा रस्ता सात मीटरचा असतो, त्याला सहा सेकंद लागतात. पाऊल उचलायला आणि अडखळायला दोन सेकंद धरा. आठ सेकंदांत ताशी ५० ची गाडी एकशे दहा मीटर येते. म्हणजे ती चौथ्या खांबापलीकडे असेल तरच निघायचं. गुडघे दुखणारे, काठी घेऊन चालणारे सेकंदाला ०.८ मीटरच चालतात. त्यांना त्याच अर्ध्या रस्त्याला नऊ अधिक दोन असे अकरा सेकंद लागतात, आणि गाडी सहाव्या खांबापलीकडे हवी. एकदा फुटपाथवर उभं राहून घड्याळ लावून बघा: रोजच्या रस्त्यावर गाडीला चार खांब पार करायला किती सेकंद लागतात. आठपेक्षा कमी लागले तर तुमचा हिशेब एक-दोन खांबांनी वाढवा. रात्री नुसत्या हेडलाइटवरून अंतर आणि वेग ओळखता येत नाही. तेव्हा गाडी खरोखर हळू होईपर्यंत उतरू नका.

गाडी थांबली की तिच्या पुढून चाला, आणि ती संपते तिथे, तिच्या पुढच्या कोपऱ्याशी, थांबा. मान पुढे काढून पलीकडची लेन बघा. मगच पुढचं पाऊल. बसच्या उदाहरणातली ती बाई इथेच वाचू शकते. यासाठी एक सेकंद लागतो.

एका दमात पूर्ण रस्ता पार करायची गरज नाही. दुभाजकावर थांबा, नवीन रस्ता समजून पुन्हा पहिल्यापासून बघा. मात्र दुभाजकाच्या टोकाला नको, आत सरकून उभे राहा. टोकावरून वळणाऱ्या ट्रकचं मागचं चाक आत येतं.

चालायला सुरुवात केली की सरळ, एका लयीत चाला. मधेच मागे फिरू नका, धावू नका. येणाऱ्या दुचाकीवाल्याने तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजू ठरवलेली असते. तुम्ही मागे आलात की तो नेमका तुमच्यावर येतो. सिग्नलचा हिरवा माणूस लुकलुकू लागला आणि तुम्ही अजून काठावर असाल तर थांबा. रस्त्यात असाल तर त्याच चालीने पार करा.

लहान मुलाचा पंजा धरू नका, मनगट धरा. घामेजला पंजा झटक्यात सुटतो. मूल गाडी येणाऱ्या बाजूला नको. म्हणजे पहिल्या अर्ध्यात तुमच्या डावीकडे, दुभाजकानंतर उजवीकडे. दहा वर्षांखालच्या मुलाला गाडीचा वेग ओळखता येत नाही, त्याला एकट्याने मोठा रस्ता ओलांडायला पाठवू नये. धरमपेठच्या ट्रॅफिक पार्कमध्ये मुलांना नियम खेळातून कळतात, पण घराजवळचा खरा झेब्रा दहा-वीस वेळा हात धरून दाखवावाच लागतो.

पांढरी काठी घेतलेला माणूस काठावर दिसला तर विचारून, आपली कोपर त्याच्या हातात देऊन सोबत चला. त्याला दंडाला धरून ओढू नका. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात लाखो माणसं पायी असतात, त्यांतली कित्येक रात्रभर प्रवास करून, पहिल्यांदाच या शहरात आलेली. त्या दोन-तीन दिवसांत रहाटे कॉलनी, काछीपुरा, बजाजनगर या बाजूला गाडी न्यायचीच असेल तर सगळा रस्ताच झेब्रा आहे असं समजून चालवा.

धडक झालीच तर

चालकाने गाडी तिथेच थांबवायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येण्याची भीती असेल तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. चोवीस तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. जखमीला ऑटोत दुमडून बसवू नका. मान आणि पाठ सरळ ठेवा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पाणी पाजू नका.

मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्ती नाही. अपघातग्रस्ताला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राची ‘राहवीर’ योजना २५,००० रुपये देते. मे २०२५ पासून लागू झालेल्या योजनेखाली सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता होतात, म्हणून दवाखान्यात पहिल्याच तासाला ‘रस्ता अपघात’ अशी नोंद करून घ्या.

भरपाईसाठी पादचारी हा त्रयस्थ पक्ष ठरतो, गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून पैसे मिळतात. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. गाडी पळून गेली आणि सापडली नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. कायद्यातली सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज लवकर करा. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

झेब्राच चुकीचा असेल तर

पुष्कळदा चालकही भला असतो आणि पादचारीही सावध, पण झेब्रा दिसतच नाही, किंवा भलत्याच जागी उतरतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळामुक्त फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा भाग मानला. त्याचा हवाला देऊन अर्ज करा. पण अर्जात नेमकं लिहिलं तरच काम होतं.

आधी जागेवर जाऊन बघा. पट्टे अर्धा मीटर रुंद आणि त्यांच्यात तेवढीच फट असते. कितव्या पट्ट्यापर्यंत रंग उडालाय ते मोजा. आपल्याकडचे बरेच रस्ते सिमेंटचे झाले, त्या राखाडी पृष्ठभागावर पांढरा पट्टा लांबून उठून दिसत नाही. तिथे मधल्या फटी काळ्या रंगवून घ्याव्या लागतात, अर्जात ही मागणी स्पष्ट करा. झेब्रा दुभाजकाच्या फटीसमोर येतो की कठड्याला धडकतो? फुटपाथवरून उतरायला उतार आहे का, की सहा इंचांची पायरी? उतारावर विजेचा डीपी किंवा ठेला तर नाही? झेब्राच्या तोंडाशीच गाड्या पार्क होतात का? रात्री माणसावर उजेड पडतो का?

सिग्नल असेल तर वेळ मोजा. रस्त्याची रुंदी मोठ्या पावलांनी मोजली तरी चालेल. दुभाजकासह पंधरा मीटरला १.२ च्या चालीने साडेबारा सेकंद लागतात, एकवीस मीटरला साडेसतरा. दवाखान्याजवळ, शाळेजवळ ०.८ चा हिशेब मागा: एकवीस मीटरला सव्वीस सेकंद. पायी चालणाऱ्यांना प्रत्यक्षात किती सेकंद मिळतात ते तीन वेळा मोजून, तारीख-वेळ घालून लिहा.

मग रस्ता कोणाचा ते शोधा. शहरात काही रस्ते महानगरपालिकेचे, काही सुधार प्रन्यासचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे आहेत. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज टेबलांवर फिरत राहतो. मूळ अर्ज रस्त्याच्या मालकाला आणि प्रत वाहतूक पोलिसांना द्या. सोबत दोन फोटो: एक चालकाच्या नजरेतून तीस मीटरवरून, एक काठावरच्या माणसाच्या नजरेतून. रस्त्याची रचना आणि देखभाल प्रमाणाप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ खाली संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाचा उल्लेख अर्जात असू द्या.

वेळही साधा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर थर्मोप्लास्टिक धरत नाही, त्यामुळे ही कामं ऑक्टोबरनंतर निघतात, आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनाआधी शहरात रंगाचं काम जोरात असतं. सप्टेंबरअखेर अर्ज पडलेला हवा. पट्टे नवे झाले की दोन गोष्टी तपासा. थराची जाडी अडीच मिलिमीटर असायला हवी. कडेला नाणं उभं टेकवून अंदाज येतो: दहा रुपयांच्या नाण्याच्या जाडीहून थर स्पष्ट जास्त दिसला पाहिजे. आणि अंधार पडल्यावर तीस मीटरवरून गाडीचा दिवा टाका. रंग चमकावा म्हणून त्यात घालायचे काचेचे बारीक मणी नीट टाकले असतील तर पट्टे झळकतात. झळकत नसतील तर फोटो काढून त्याच आठवड्यात कळवा, ठेकेदाराची दुरुस्तीची मुदत तेव्हा चालू असते.